बाटलीच्या बुडाचा गाळ

माझ्या हातून काय झालं ते सांगतो, पण चहा संपेपर्यंत हसायचं नाही, ही अट.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या असोद्याहून सायकलीने जाता येईल अशा अंतरावर, जळगावात, जीवाणू खताचा एक छोटा कारखाना निघाला होता. तिथे मी लागलो. सहा महिने काम बघू, मग कायम करू, असं ठरलेलं. इकडे नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर सांगून टाकलं की पोरगा शास्त्रज्ञ झाला. आता शास्त्रज्ञाने परत केळीच्या बागेत कोणत्या तोंडाने जायचं?

पहिले पाच महिने नुसत्या बाटल्या धुतल्या, मग खरं काम हाती आलं. तेही साधं. टाकीत जीवाणू वाढवायचे. ते गढूळ पाणी बाटल्यांत भरून मशीनमध्ये गरगर फिरवायचं. खाली चिकट थर बसतो, वर नितळ पाणी राहतं. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मॅडम घाईत म्हणाल्या, "कामाचं तेवढं फ्रीजमध्ये ठेवा, बाकीचं टाका."

कामाचं कोणतं, हे विचारायला हवं होतं ना? पण शास्त्रज्ञ कुठे विचारतो! आणि यात विचारण्यासारखं होतं तरी काय? पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आमची अक्का हंड्यात तुरटी फिरवायची. वरचं पाणी प्यायचं, खालचा गाळ झाडाला. गाळ जपून ठेवणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

झालं. पाणी फ्रीजमध्ये, वर चिठ्ठी चिकटवून. थर ब्रशने खरवडून मागच्या दारच्या वालाच्या वेलाला.

तीन दिवसांनी मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. "फ्रीजमधल्या बाटल्यांत जीवाणू नावालाच आहेत हो."

टाकीत बघितलं, तर भरपूर. मग मध्येच जातात कुठे? मीही चक्रावलो. मेकॅनिक आला, म्हणाला मशीन उत्तम आहे. मॅडम म्हणाल्या, जास्त वेळ फिरवा. मी दुप्पट वेळ फिरवलं. पाणी असं नितळ झालं की बाटलीमागे धरून पेपर वाचावा. जीवाणू मात्र आणखी कमी. असे तीन आठवडे गेले. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली, खताची एक पुडी तयार नाही आणि माझा सहावा महिना भरत आलेला. मला तर भुताटकीचा संशय यायला लागला.

तेवढ्यात पारोळ्याचे एक आबा हरभऱ्यासाठी पुडी न्यायला दुसऱ्यांदा आले. पुडी नाही म्हटल्यावर मागच्या दारात जाऊन वेलाकडे बघत उभे राहिले.

"काय टाकतस रे भाऊ या वेलले? आम्हना बठ्ठा वावरमा असा वाल नई."

"काही नाही आबा, बाटलीच्या बुडाचा गाळ."

आत फ्रीजपाशी उभ्या असलेल्या मॅडम वळल्या. "कसला गाळ?"

"रोजचाच, मॅडम. एक कण ठेवत नाही मी." शाबासकी मिळेल असं मला खरंच वाटलं होतं.

मॅडमनी वेलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फ्रीजकडे. "अहो, त्या गाळातच तर सगळे जीवाणू असतात."

आबा म्हणाले, "मंग तोच दी द्या ना माले. पानी तर मनी विहिरमा बी शे."

आठवड्याने कायम केल्याचं पत्र हातात आलं. माझा विश्वासच बसेना. नानांनी असोद्यात घरोघर पेढे वाटले. पत्र मात्र मी त्यांना कधी वाचू दिलं नाही. त्यात पदापुढे लिहिलं होतं, 'माळी'.