मीठ बघण्यापुरतं

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या, झेनाइदेच्या, मानेत गाठ आली आणि अख्ख्या घराची मती गुंग झाली. औषधवाला म्हणाला, दाढ. मंत्र टाकणारी म्हातारी म्हणाली, नजर. जाऊबाई म्हणाल्या, "मला कळतंय काय आहे ते. रोझेलीचं बाळ बघणं माझ्या नशिबात नाही." रोझेली त्यांची सून, नुकतेच दिवस गेलेली.

डॉक्टरीणबाईंनी गाठीतून सुईनं नमुना घेतला, रक्त तपासलं आणि सांगितलं, कॅन्सर नाही. एक बारीक जंतू आहे, गाठ हळूहळू जिरेल. आम्ही नाचायचंच बाकी ठेवलं.

"पण हा आला कुठून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मांजराच्या घाणीतून येतो, नाहीतर कच्च्या मांसातून. मांजर पाळता?"

"मी? उंबऱ्याला शिवू देत नाही!"

"कच्चं मांस खाता?"

"शी! आम्ही काय रानटी?"

झालं! मग उरलं कोण? माझी मांजर, कारण ती त्यांच्या परसात हिंडते. थोरले दीर तिला भरून न्यायला पोतं घेऊन दारात. मी म्हटलं, "आधी तुम्ही बसा त्यात, भावजी." जाऊबाईंनी अबोला धरला. मला संताप आला, पण खरं सांगते, मनात शंकाही आली. माझीच मांजर असली तर?

अबोला असला तरी गाडी मलाच चालवता येते, म्हणून आभाराची, घरी भरलेल्या सॉसेजची माळ द्यायला जाऊबाईंना मलाच दवाखान्यात न्यावं लागलं. रोझेलीही होती.

"मीठ चुकायचं नाही हो यात," जाऊबाई फुशारक्या मारायला लागल्या. "भरायच्या आधी मी स्वतः चिमूटभर खिमा तोंडात टाकते."

"कच्चाच?"

"मग काय, तळून? मग मिठाचा अंदाज कसा येणार?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, कच्चं खात नाही म्हणालात ना?"

"खात नाहीच. मीठ बघते."

मांजर सुटली म्हणून मी खो खो हसले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कोण बघतं मीठ?" आणि मी वळून रोझेलीकडे बघितलं. यंदा जाऊबाई सुनेला सॉसेज भरायला शिकवत होत्या. चिमूट त्यांनीच भरवली होती तिला.

"पोटातल्या बाळाला हा जंतू बाधू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लगेच रोझेलीचं रक्त घेतलं.

निकाल येईपर्यंत जाऊबाईंनी खिम्याला हात लावला नाही. मांजर समोरून गेली तरी शिवी नाही.

निकाल आला. जंतूची खूण होती, पण जुनी, बहुधा लहानपणीची. एकदा होऊन गेलेला जंतू आईच्या अंगाला ओळखीचा होतो, त्यामुळे बाळ सुरक्षित.

"लहानपणी कुठे?" जाऊबाई गोंधळल्या.

"घरीच. आई पण मला मीठ बघायला द्यायची," रोझेली म्हणाली.

"म्हणजे चाखणं चांगलं की वाईट?"

"वाईटच. पुन्हा नाही करायचं."

"मग बाळ वाचलं कशानं?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "नशिबानं म्हणा, नाहीतर हिच्या आईच्या मिठानं."

विहिणीच्या हाताला चव नाही, असं जाऊबाई लग्नापासून गावभर सांगत आल्या होत्या. गाडीत बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मी किल्ली फिरवली.

"घरी नको," त्या म्हणाल्या. "आधी विहीणबाईंकडे घे."