दुसरा फटका

ठोक्याच्या हातांना स्वस्थता नव्हती. समोर टेबल आलं की टेबल, कठडा आला की कठडा, काहीच नसलं तर स्वतःची मांडी. पेरं सुजेपर्यंत बडवायचा. नोकरीही तशीच मिळाली होती. इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनजवळच्या एका लहान कारखान्यात गाडीच्या पत्र्याचे वेल्ड, म्हणजे जोड, हातोडीने ठोकायचे आणि आवाजावरून पक्का की कच्चा ते सांगायचं. आमच्या इथल्या गणेश मंडळाच्या ढोलपथकाचा तो प्रमुख, मी मंडळाचा अध्यक्ष. त्याचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की विसर्जनाच्या दिवशी दारू पिऊन त्याने गोंधळ घातला. ती आठवण मी पसरवली. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती मागे घ्यायला बसलो आहे.

ताल कुठे शिकलास, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "बाप पट्ट्याने मारायचा. पण लयीत. चौथा फटका कधी चुकला नाही." हे तो हसत सांगायचा. त्याच्या पाठीवरचे वळ एकदा तालमीत सदरा बदलताना मी पाहिले. चांगले बोटभर रुंद होते. बाप प्यायचा, म्हणून ठोक्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही. हे मला माहीत होतं.

दर शनिवारी आम्ही त्याच्या गाडीतून मंडळाचं सामान आणायला जायचो. गाडीत रिमिक्स चालू असायचे. बेल्जियम, हॉलंड, कुठल्या कुठल्या पोरांनी केलेले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं उठलं. कुणा बाईचं संथ गाणं होतं, तिचा श्वास मध्येच तोडलेला, एकच अक्षर धरून त्यावर घणाचे घाव घातलेले. मी म्हणालो, अरे, हा खून आहे. तो स्टिअरिंगवर ठोके देत म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, अण्णा. मारच आहे हा. पण कुणाला लागत नाही."

चौथ्या शनिवारी गाडीत बसल्या बसल्या मीच म्हणालो, लाव ते तुझं. घरी मात्र कधी बोललो नाही.

त्या वर्षी हॉलच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे तिथल्या रखवालदाराने, ढोल आणायचे नाहीत असं बजावलं. शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. ठोक्याने तोड काढली. पथकाचं जुनं वादन आणि मंडळातल्या बायकांनी म्हटलेली आरती त्याने बेल्जियममधल्या गेंटच्या एका ओळखीच्या रिमिक्सवाल्याकडे पाठवली. तयार झालेलं मला गाडीत दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा माझ्या अंगावर काटा आला. मी म्हणालो, "लाव. पुढचं मी बघतो."

विसर्जनाच्या दुपारी पहिल्या रांगेत माझे व्याही होते, पुण्याहून खास आलेले. आरतीचे शब्द तुटायला लागले, खालून ढोल फुटायला लागले, तरुण मंडळी नाचायला लागली. व्याह्यांनी मान वळवली आणि शांतपणे विचारलं, "अहो, इथे अध्यक्ष कोण आहे?"

एवढंच. मी उठलो, मंचावर गेलो, "बंद कर" म्हणून ओरडलो आणि ठोक्याच्या डाव्या कानाखाली सगळ्या ताकदीने मारली. त्याच्या हातात माईक चालू होता, रेकॉर्डिंगही सुरू होतं. आवाज सगळ्या हॉलभर गेला. त्याने सावरायच्या आत दुसरी मारली. मग यंत्राला लाथ घातली. त्याच्या कानातून रक्त आलं आणि पांढऱ्या झब्ब्यावर उतरलं. हात उचलणं त्याला अवघड नव्हतं. रोज हातोडी चालवणारे हात होते ते. पण तो ते खाली सोडून उभा राहिला. लहानपणी बापापुढे असाच उभा राहत असेल.

मी खाली पडलेला माईक उचलला आणि म्हणालो, माफ करा, हा पिऊन आला आहे. व्याह्यांनी मान डोलावली.

दवाखान्यात ठोक्याने सांगितलं, स्पीकर जवळून कडाडला. डावा कान गेला तो गेलाच. वेल्ड ऐकायचं काम सुटलं आणि त्याला खोकी भरायला बसवलं. मंडळाच्या तळघराची किल्ली द्यायला तो एकदा घरी आला. आत ये म्हटलं, आला नाही. किल्ली हातावर ठेवून म्हणाला, "अण्णा, पहिली बरोबर बसली. दुसरीला घाई केलीत." मी दार लावून घेतलं. नंतर तो बायकोला घेऊन बॉनला राहायला गेला असं कळलं.

परवा नात मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चालली होती. गाडीत तिचं काहीतरी धडधडत होतं. मध्येच सगळं थांबलं आणि एक माणूस ओरडला, "बंद कर." मग फट्. आणि लगेच, जरा आधीच पडलेली, दुसरी फट्. त्यावर ढोल सुरू झाले. पुन्हा "बंद कर", पुन्हा दोन फटके. घाई जशीच्या तशी ठेवलेली. नात हसत म्हणाली, "दास क्लिंग्ट वी डू, आजोबा." तुमच्यासारखाच आवाज आहे, म्हणे. हा बेल्जियमचा रिमिक्स सध्या सगळीकडे वाजतो, या फटक्यावर अख्खा हॉल उडी मारतो, असंही तिने सांगितलं.

मी म्हणालो, "मीच आहे तो." तिने गाडी बाजूला घेतली.

बॉनचा नंबर शोधून फोन केला. ठोक्याच्या बायकोने उचलला. ते मागच्या हिवाळ्यात गेले, म्हणाली. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग त्यांनीच गेंटला पाठवलं होतं. हे वाजू दे, असं म्हणायचे. मला माफी मागायची होती, पण तिने मध्येच थांबवलं. "ते राहू द्या, भाऊजी. ते प्यायले नव्हते, एवढं लिहा. माझा मुलगा तुमच्याच गावात राहतो, पण अजून मंडळात येत नाही."

तर लिहितो. ठोक्या त्या दिवशी प्यायलेला नव्हता. रिमिक्स लावायला मी सांगितलं होतं. मला तो आवडला होता.