आभाळवाल्याची चुंबळ

नववीच्या पहिल्या वहीत पाताळात सूर्य उगवला होता. ‘पूर्वेला लालिमा पसरली होती आणि पक्षी किलबिलाट करत होते.’ दुसऱ्या वहीत तेच. तिसरीतही तेच. मी गठ्ठा टेबलावर आपटला.

ही गाइडची वाक्यं. वर्णनात्मक लेखन म्हणजे वाचणाऱ्याला ती गोष्ट डोळ्यांपुढे दिसेल असं लिहिणं. आमची मुलं दहा-बारा वाक्यं पाठ करतात आणि बाजार असो की किल्ला, तीच चिकटवतात. म्हणून मी ग्रीक पुराणकथा काढल्या. आपले देव मुलांनी टीव्हीवर पाहिलेत. ग्रीकांचे टीव्हीवर नाहीत आणि गाइडमध्येही नाहीत. तरी ग्रीकांच्या पाताळाचं वर्णन करा म्हटल्यावर पोरांनी किलबिलाट थेट तिथे नेलाच.

त्यात हेडसरांनी बोलावलं. माणूस कडक, भाषा एकदम शुद्ध.

“बाई, सिलॅबसमध्ये ग्रीक कुठे आहेत? पालक विचारत आहेत.”

“गाइडमध्ये नाहीत, म्हणूनच घेतले सर.”

“गाइडने मार्क तरी पडतात. शुक्रवारी वह्या दाखवा. फरक दिसला नाही, तर सोमवारपासून गाइड.”

हातात गुरुवारचा एकच तास उरला. मला राग आला होता. पण गाइडपुढे हार मानायची नाही, हे ठरलं होतं.

गुरुवारी नवी गोष्ट सांगितली. देवांशी लढून हरलेला एक दांडगा. शिक्षा म्हणून देवांनी त्याला जगाच्या टोकाला उभं केलं आणि अख्खं आभाळ डोक्यावर दिलं. कायमचं.

“करा त्याचं वर्णन. सूर्य, पक्षी, लालिमा बंद.”

मग मागच्या बाकावरून निकिता उठली. डोंगराच्या पायथ्याच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी. वर्षभर लेखनाचा प्रश्न कोरा सोडणारी.

“बाई, त्याच्या डोक्यावर चुंबळ हाय का नाय?”

वर्ग खो खो हसला. खरं सांगते, मीही हसले. “अगं, ग्रीकांत कुठली चुंबळ? बस खाली.”

ती बसली नाही. “मंग काय लिवू? चुंबळ नसली तर आधी टाळू दुखते. असली तर मान.”

माझं हसू थांबलं. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी, एवढं मला माहीत होतं. पण माझा जन्म कर्जत शहरात गेला, डोक्यावर छत्रीपलीकडे काही घेतलेलं नाही. वर्गात त्या आभाळाचं वजन तिला एकटीला कळलं होतं आणि तिलाच मी खाली बस म्हणाले होते. लाज वाटली.

“चुंबळ नाही. देवांनी दिली नाही. आता लिही गं.”

मग बाकीचेही जागे झाले. “बाई, नाकावर माशी बसली तर?” “शिंक आली तर?”

“लिहा,” मी म्हणाले. “सगळं लिहा.”

शुक्रवारी हेडसर एकेक वही भराभर उलटत होते. निकिताच्या वहीवर थांबले. तिने लिहिलं होतं: ‘त्याला आभाळ दिसत नाय. भारा डोक्यावर असला की आपले पाय दिसतात आणि पुढच्याच्या टाचा. त्याच्या पुढे तर कोणीच नाय. तो आपलीच बोटं बघतो.’

सरांचा हात आपसूक मानेमागे गेला.

“खरं हाय,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘हाय’ मी पहिल्यांदाच ऐकलं. “गवताचे भारे आणायचो आमी. पुढं आईच्या टाचा दिसायच्या. बाकी काय नाय.”

वही मिटून त्यांनी माझ्याकडे सरकवली. “तास चालू ठेवा, बाई.”

पुढच्या चाचणीत निकिताने प्रश्न कोरा सोडला नाही. आठपैकी पाच मिळाले. वर्गातून किलबिलाट पूर्ण गेलेला नाही, अधूनमधून ऐकू येतो. मी मात्र एक शिकले. वर्णनाच्या तासाला आधी मुलांचे प्रश्न ऐकून घ्यायचे. हसायचंच झालं तर नंतर, स्टाफरूममध्ये.