आधी उघडून दाखवा

गोदाकाकूंबरोबर बाजारात जायला धीर लागायचा. मिक्सर घ्यायचा असो, इस्त्री असो की भिंतीवरचं घड्याळ, दुकानदारानं तोंड उघडायच्या आत त्या पिशवीतून स्क्रू काढायचा स्वतःचा पेचकस काढून काउंटरवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भाव मागून सांगा. आधी उघडून दाखवा." लातूरच्या गंजगोलाईतले जुने दुकानदार त्यांना ओळखून होते. नवा कुणी असला की हसायचा. "काकू, उघडलं तर वॉरंटी जाती," म्हणायचा. त्यावर काकूंचा ठरलेला प्रश्न असे, "मग वस्तू माझी की तुमची?" उत्तराची वाट न बघता पेचकस पिशवीत टाकून त्या पुढच्या दुकानात शिरायच्या आणि मी मागून ओशाळं हसत जायची. वकिली करणाऱ्या बाईला असं हसणं शोभत नाही, पण काकूंपुढं माझी वकिली कधी फारशी चालली नाही.

आमची ओळख झाली ती दारामुळं. लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. दवाखान्याच्या वर, किराणा दुकानाच्या मागं, जिथं फळा टांगता येईल तिथं शिकवणी चालायची. हिमायतनगर, मुदखेडपासूनची पोरं गाद्यांच्या वळकट्या घेऊन उतरायची. मी नांदेडहून वकिलीसाठी आले होते आणि एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. काकूंची पोरांसाठी मेस होती आणि मेसच्या मागं चार खोल्या. त्यांनी माझं नाव-गाव काही न विचारता एक खोली दिली. मी दार ढकलायला लागले तर ते हलेना. काकू लांबून ओरडल्या, "ओढा! आमच्याकडं दारं बाहेर उघडत्यात."

खरंच, त्या घरातलं एकूण एक दार बाहेर उघडायचं. व्हरांड्यातून जाणाऱ्या पोरांच्या कपाळांवर टेंगळं यायची, आया फोनवर तक्रार करायच्या. काकू म्हणायच्या, "कपाळ बरं होतंय." बिजागऱ्या खिळ्यांच्या नव्हत्या, पान्यानं फिरवायच्या स्क्रूच्या होत्या, आणि ते स्क्रू बाहेरूनही निघतील असे बसवलेले होते. हे कळल्यावर मी जरा घाबरलेच. "काकू, म्हणजे कुणीही बाहेरून दार काढेल की!" "कुणीबी कसं काढंल? पाना माझ्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "निवांत झोपा, वकीलबाई."

या दारांचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता. त्यांचं गाव औशाच्या पलीकडं. भूकंपाच्या वेळी त्या उकडतं म्हणून अंगणात झोपल्या होत्या आणि नवरा आत. "भिंत बसली ती चौकटीवरच. दार आत उघडणारं, आन आत तर सगळी दगडं. बिजागऱ्यांचे खिळे आतून ठोकून वळवलेले. म्या बाहेरून नुसती ओढत होते. हे आतून बोलत होते माझ्याशी. पहार आणायला माणूस गेला, तर ज्याच्या घरी पहार, ते घरच ऱ्हायलं न्हवतं." थोडं थांबून म्हणाल्या, "पहार आली. पण तवर बोलणं थांबलं होतं." मग त्यांनी निवडलेली मेथी उचलली आणि चुलीकडं गेल्या. मला रडू आवरेना. त्यांनी आतून हाक मारली, "देठं टाकू नका, म्हशीला लागत्यात."

रडत बसणं त्यांना जमतच नसे. पत्र्याच्या शेडात राहत असताना त्यांनी नवऱ्याचं मातीत गाडलेलं तेलाचं इंजिन उकरून काढलं. औशाच्या सलीममिस्त्रीला बोलावलं आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या. प्रत्येक नट सुटला की विचारायच्या, "हे कामून हाय?" सलीमभाई अजून सांगतो, "शागिर्द बनके बैठी, हमारी उस्तादनी बनके उठी." त्या इंजिनावर त्यांनी नव्या वसाहतीत पिठाची गिरणी चालवली, गिरणीवर लातुरातली मेस उभी केली, आणि शेत मात्र कधी विकलं नाही. दर रविवारी एसटीनं गावाकडं जायच्या आणि चिखलानं भरलेल्या चपला घेऊन परत यायच्या.

त्यांच्या भावकीतल्या पाच घरांनी मिळून हार्वेस्टर घ्यायचं ठरवलं, तेव्हा पुतण्या महादेव त्यांना शोरूममध्ये घेऊन गेला. मीही गेले, कारण करारावर नजर टाकायला घरची वकीलबाई फुकट मिळत होती. यंत्र देखणं होतं. काचेची केबिन, आत रंगीत स्क्रीन, कुठला पट्टा किती फिरतो ते सगळं त्यावर दिसत होतं. काकूंनी सगळीकडून फेरी मारली आणि पिशवीत हात घातला. मी डोळे मिटून घेतले.

"आधी उघडून दाखवा."

मॅनेजर भला माणूस होता. "काकू, ह्याला कंपनीचा लॅपटॉप लावावा लागतो. तुम्हाला काही करायचीच गरज नाही. फोन करा, माणूस हजर."

"आन माणूस न्हाई आला तर?"

"येतोच की."

"पहार आणायला गेलेला माणूसबी येतोच," काकू म्हणाल्या. मॅनेजरला काही कळलं नाही. मला कळलं.

बाकी चार घरांनी मन पक्कं केलं होतं, म्हणून काकूंनी सही केली. पण खरा तमाशा पुढं झाला. आमच्याकडं नवं यंत्र दारात उभं राहिलं की हळदकुंकू लावून, पुढच्या चाकाजवळ नारळ फोडल्याशिवाय ते हलत नाही. मॅनेजरनं नारळ पुढं केला, फोटोवालाही तयार होता. काकूंनी तो नारळ त्याच्या हातातून काढून घेतला. "नारळ आपल्या वस्तूपुढं फोडायचा असतो. ज्या दिवशी हे मशीन आम्ही उघडू, त्या दिवशी फोडू." लाल फडक्यात गुंडाळून नारळ त्यांनी केबिनमध्ये, सीटच्या मागं ठेवून दिला. महादेवचा चेहरा पडला. फोटोही नारळाशिवायच निघाला.

त्या वर्षी सोयाबीन चांगलं आलं होतं. काढणी सुरू झाली आणि अर्ध्या शेतातच हार्वेस्टर थांबलं. स्क्रीनवर लाल खूण, आणि मग किल्ली फिरवली तरी शांतता. गावानं एका दमात निदान केलं. नारळ फोडला नाही, दुसरं काय होणार? महादेव तर केबिनमधून नारळ घेऊनच उतरला. "काकू, आता तरी ऐका. फोडू द्या."

"ठेव तो जागेवर," काकू म्हणाल्या. "नारळानं वायर जोडल्याली तू कधी बघितली का?"

सलीमभाई आला. त्यानं झाकण काढलं आणि उंदरानं कुरतडलेला एक सेन्सर शोधून काढला. लातूरहून नवा आणला, त्याच कंपनीचा, पावतीसह, आणि बसवला. वायर नीट, जोड नीट, तरी यंत्र ढिम्म. कंपनीशी फोन झाला तेव्हा उलगडा झाला. नवा भाग बसला तरी यंत्राच्या आतला कॉम्प्युटर तो मान्य करत नाही. कंपनीचा माणूस लॅपटॉप लावून 'हा भाग आपलाच' असं सांगेल तेव्हाच ते सुरू होणार. आणि तो माणूस होता दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या कुणाच्या शेतात. सलीमभाईनं हात पुसले. "काकू, मेरा काम हो गया. आता हे मशीन रुसून बसलंय, आन मनवायचा परवाना माझ्याकडं न्हाई."

शेंगा तडकायला लागल्या होत्या आणि दक्षिणेकडून आभाळ भरून येत होतं. पाचही घरांनी विळे काढले. ज्यांची उद्या आपल्याला गरज पडेल त्यांच्या शेतात आज आपण राबायचं, ही सावडीची जुनी रीत गावात अजून जिवंत होती, म्हणून निम्मं पीक हाताला लागलं. बाकीचं पावसानं धरलं. काळं पडलं, काही जागीच उगवून आलं. पाऊस उघडल्यावर कंपनीचा माणूस आला. लॅपटॉप लावला, एक बटण दाबलं, आणि ओल्या शेताच्या कडेला ते यंत्र आज्ञाधारकपणे धडधडायला लागलं. महादेवच्या बायकोनं त्याच्यासाठी चहा टाकला होता, तो उकळायच्या आत काम संपलं होतं. काकूंनी त्याला चहा दिला, रागावल्या नाहीत. कपबशी परत घेताना म्हणाल्या, "दादा, तुझ्यावर राग न्हाई. पण आम्ही आत होतो आन कडी बाहेरून तुमच्या हातात होती. हे न्हाई चालायचं."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर बसल्या. "वकीलबाई, लिहा."

मी ग्राहक मंचात दावा लावला आणि वकिलाच्या सवयीनं मागणी केली नुकसानभरपाईची. काकूंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "हे खाली लिहा. वर लिहा, की उघडायची वस्तू द्या." मी समजावलं की मंच पैसे देववतो, लॅपटॉप देववत नाही. "मागून तर बघा. तुमचं काय जातंय?"

मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. औशाच्या आठवडी बाजारात त्या हार्वेस्टर घेऊन जायच्या आणि बाजारच्या तोंडाशी उभं करायच्या. कुणी विचारलं की सगळी हकीकत सांगायच्या, काही वाढवायच्या नाहीत, आणि शेवटी एवढंच म्हणायच्या, "घ्या की, चांगलं मशीन हाय. फक्त आधी उघडून दाखवा म्हणा." हळूहळू शोरूममध्ये येणारा जो तो तेच म्हणायला लागला. मॅनेजर बिचारा रडकुंडीला आला.

तारखेला कंपनीचे वकील पुण्याहून आले. तरुण, सभ्य. व्हरांड्यात त्यांनी तडजोड पुढं केली. बुडालेल्या पिकाची पूर्ण भरपाई, वर काही वर्षं फुकट सर्व्हिस, फक्त दावा मागं घ्यायचा. खरं सांगते, मी मनातल्या मनात सही करून मोकळी झाले होते. महादेव तर उठूनच उभा राहिला. त्याची दोन पोरं लातुरात क्लासला होती, त्याला त्या भरपाईची गरज होती, आणि त्यात काही वावगं नव्हतं.

"काकू, मिळतंय ते घ्या. लई ताणू नका. आमचंबी पीक गेलंय, एकट्या तुमचं न्हाई."

काकूंनी त्याला जवळ बसवलं. "तुझं खरं हाय, महादेव. भरपाई तू घे, चारी घरांनी घ्या, म्या न्हाई म्हणत न्हाई. पण सांग, पुढच्या सुगीत आभाळ भरून आलं आन स्क्रीनवर पुन्हा लाल खूण आली, तर तू काय करशील?"

महादेवनं खिशातला फोन चाचपला.

"फोन लावशील. आन वाट बघशील. म्या एकदा वाट बघितली हाय, बाळा. तुझा काका आत होता."

महादेव तेव्हा लहान होता, पण भावकीत सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. फक्त काकूंच्या तोंडून ती त्यांच्यापैकी कुणी ऐकली नव्हती. तो पुन्हा उठून उभा राहिला. मग पुण्याच्या वकिलांना म्हणाला, "साहेब, पैशाचं मागून बघू. आधी उघडायची वस्तू द्या." मला त्या क्षणी त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की मनातली ती सही मी खोडून टाकली.

कंपनीनं बरेच हेलपाटे घालायला लावले. शेवटी शोरूमच्या डीलरनंच वर गळ घातली, कारण त्याची विक्री अडली होती. भरपाई मिळाली आणि नवा भाग हार्वेस्टरला मान्य करायला लावणारं, त्याचं कुलूप सोडणारं छोटं यंत्रही मिळालं, सोबत मराठीतली माहिती. कंपनीच्या पत्रात 'विशेष बाब म्हणून' असं लिहिलं होतं. काकूंनी मला विचारलं, "आपल्या घराची किल्ली आपल्याला दिली, ह्यात विशेष काय?" ते यंत्र त्यांनी घरी ठेवलं नाही. सलीमभाईच्या दुकानात ठेवलं, म्हणजे तसलं हार्वेस्टर असलेल्या कुणालाही वापरता यावं.

पुढच्या सुगीत पुन्हा लाल खूण आली. सलीमभाईनं भाग बदलला, ते यंत्र लावलं, आणि बटण दाबायला काकूंना बोलावलं. हार्वेस्टर सुरू झालं. काकूंनी सीटच्या मागून लाल फडकं काढलं. नारळ वाळून आत खुळखुळत होता. मला वाटलं, आत काही राहिलं नसणार. महादेवनं फोडला तर आत गोड, तेल सुटलेला खोबऱ्याचा गोटा. शेतातल्या सगळ्यांना तुकडा मिळाला. काकूंनी पहिला तुकडा महादेवला दिला आणि दुसरा हार्वेस्टरच्या बॉनेटवर ठेवला. "आता झालं आपलं," त्या म्हणाल्या.

काही वर्षांनी त्यांनी मेस बंद केली आणि गावाकडच्या नव्या घरात राहायला गेल्या. तिथलीही दारं त्यांनी उभं राहून बाहेर उघडणारीच करून घेतली. जाताना मला माझ्या खोलीच्या दाराचा पाना दिला. "आता तुमचा तुमच्याकडं."

महादेवचा फोन आला तेव्हा मी कोर्टात होते. सकाळी त्याची बायको दूध घेऊन गेली. हाक मारली, काकूंनी ओ दिली नाही. इतक्या वर्षांत मी त्यांच्या जाण्याचा विचार कधी केला नव्हता. मी घाबरून एवढंच विचारलं, दुसरं काही सुचलंच नाही, "दार?"

"कडी उघडी होती, वकीलबाई," महादेव म्हणाला. "तिनं नुसतं ओढलं."