सात नंबरच्या शेडची उंची

मॉरीन टॅप्सेलने मॉरीन टॅप्सेलला नोटीस पाठवली ती मार्चच्या सुरुवातीला, एका मंगळवारी, साध्या टपालाने. पाठवणारीचं टेबल आणि घेणारीचं टेबल एकच होतं. तरी तिने कागद पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आली. गुरुवारी पोस्टमनने तो तिच्याच दारात आणून दिला. तिने उघडून वाचला, मागे तारीख घातली आणि फायलीला लावला.

नेदर ऑस्बी पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, भाजीमळ्यातला सात नंबरचा तुकडा वर्षभर पडीक आहे, असं त्यात लिहिलं होतं. अठ्ठावीस दिवसांत लागवड दिसली नाही, तर तुकडा काढून घेण्याचा विषय सभेपुढे ठेवण्यात येईल. आपली नम्र, मॉरीन टॅप्सेल, क्लार्क.

असे तुकडे कौन्सिल गावकऱ्यांना लावायला देते; हा तिच्या नवऱ्याच्या हातचा, आता तिच्या नावावरचा. क्लाइव्ह मागच्या मार्चमध्ये गेला, आणि त्यानंतर मॉरीनने भाजीमळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. पोस्टात जायचा जवळचा रस्ता मळ्यावरून जातो म्हणून ती चर्चला वळसा घालून जायची, भर पावसातसुद्धा. तिला तिथं जायची भीती वाटत होती. ही भीती कुठल्याही विषयपत्रिकेत बसत नव्हती, म्हणून तिने ती कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या गावात कौन्सिलचे सभासद पाच. ते निवडून येतात असं कागद म्हणतो. प्रत्यक्षात पाच जागांना पाचच अर्ज येतात, आणि तेही मॉरीनने दारोदार हिंडून भरून घेतलेले. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी सातला गावाच्या हॉलमध्ये सभा भरते. सकाळी तिथं बालवाडी असते, त्यामुळे गावाचा कारभार कागदी सशांच्या तोरणाखाली चालतो. विषय ठरलेले. कुत्र्यांची घाण कुणी उचलायची. पायवाटेवर आलेलं कुंपण कुणी छाटायचं. चार नंबरचा दिवा दिवसा जळतो आणि रात्री विझतो, तो का. बसथांब्याच्या गळक्या छपरावर आमच्या कौन्सिलने तीन वर्षं काथ्याकूट केला. छप्पर अजून गळतं, पण त्यावरचं इतिवृत्त अगदी निर्दोष आहे.

ते इतिवृत्त मॉरीनचं. चोवीस वर्षं ती क्लार्क आहे. नोटीसबोर्डाची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालते. कोण काय बोललं हे ती लिहीत नाही, काय ठरलं तेवढंच लिहिते, आणि बहुतेक वेळा काही ठरत नाही हेही तितक्याच नेटकेपणाने लिहिते. सभेत तिला सगळे मिसेस टॅप्सेल म्हणतात आणि अहो-जाहो करतात. दाराबाहेर पडलं की त्यांनाच ती मॉरीन. हा नियम कुणी केलेला नाही, पण मोडलेलाही नाही.

तिला कुणी सांगितलं असतं की बाई, स्वतःलाच कसली नोटीस पाठवतेस, तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. त्या उत्तराचं नाव आर्थर पॉग्सन. सहा वर्षांपूर्वी आर्थरची बायको वारली, त्याचा अकरा नंबरचा तुकडा पडीक पडला आणि वर्ष भरताच मॉरीनने त्याला नोटीस धाडली. म्हातारा हूं की चूं न करता मळ्याची किल्ली देऊन गेला. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाला. ते बरोबरच होतं, आणि तेव्हापासून ते तिच्या घशात अडकून बसलं होतं. आर्थरही पुढं वारला. आता स्वतःची वेळ आल्यावर डोळेझाक केली, तर रविवारी चर्चला जाताना त्याच्या थडग्याजवळून चालायचं कसं?

शिवाय तुकडा मागणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव जोडी नावाच्या पोरीचं होतं. गावाच्या टोकाला, वरच्या मजल्यावर राहणारी, दोन लेकरांची आई. तीन वर्षं वाट बघतेय. पोस्टात भेटली की दर वेळी विचारायची, "काही हललं का, मिसेस टॅप्सेल?" मॉरीन म्हणायची, "कळवते." आणि पाकीट उगाच दोनदा चिकटवायची.

अठ्ठावीस दिवस गेले. घेणारीने पाठवणारीला उत्तर दिलं नाही. एप्रिलच्या सभेत विषय क्रमांक नऊ लागला: तुकडा सात, काढून घेणे.

त्या दिवशी चौघं हजर होते. एकाने स्पेनमध्ये सुट्टी काढली होती. डेस्मंड क्रेक हे अध्यक्ष, गुरांचे निवृत्त डॉक्टर. सभा आवरत नाही असं दिसलं की ते हात धुतल्यासारखे चोळतात. बेरिल लस्बीबाई कोंबड्या पाळतात आणि ठरावाला अनुमोदन देतात. पीअर्स हा लंडनहून आलेला, गावात चारच वर्षं झालेला, नियमांची छापील प्रत बाळगणारा. आणि नेव्हिल स्टॅनिलँड, शेतकरी. त्याचं कुंपण सात नंबरच्या उन्हात येतं म्हणून क्लाइव्हने हयातभरात त्याच्याविरुद्ध अकरा तक्रारी दिल्या होत्या. अकराही मॉरीनने नोंदवल्या होत्या.

"विषय नऊ," डेस्मंड म्हणाले आणि हात चोळू लागले. "मिसेस टॅप्सेल, हा विषय पुढच्या... म्हणजे पुढच्या वर्षी घेता येईल का?"

"नाही."

"तुम्हाला स्वतःला काही म्हणायचं आहे?"

"मी क्लार्क आहे. क्लार्कला हितसंबंध नसतात. सभासदांपैकी कुणाला असला तर आधी सांगावा आणि बाहेर जावं. तसा नियम आहे." तिने पेनाचं टोपण काढलं.

मग बेरिलबाई उठल्या.

"मला आहे. क्लाइव्ह दर वसंतात मला ऱ्हुबार्बचे आंबट देठ आणून द्यायचा. वीस वर्षं. मी त्याचा मुरंबा खाल्लाय, आणि अजून दोन बरण्या शिल्लक आहेत. म्हणजे फायदा चालूच आहे माझा."

"बेरिल, हे काही..." डेस्मंड म्हणाले.

"मी खाल्लाय ना? मग मी बाहेर जाते." पर्स उचलून बाई चालत्या झाल्या.

मॉरीनने लिहिलं: सौ. लस्बी यांनी हितसंबंध जाहीर केला व त्या बाहेर गेल्या. तिघं उरले. तिघांवर सभा चालते, हे तिला पाठ होतं. ते नेव्हिललाही पाठ होतं, कारण त्याने टेबलाभोवतीची डोकी बोटाने मोजली.

"मलाही आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला कसला?" मॉरीनने मान वर केली. "तुमचं आणि माझ्या यजमानांचं पटत नव्हतं, हे गावाला ठाऊक आहे."

"तोच तर. माझं त्याच्याशी हाडवैर होतं. मी काय निष्पक्ष राहणार? वैर हासुद्धा संबंधच आहे की नाही? ए पीअर्स, तुझ्या त्या चोपड्यात बघ."

पीअर्सने इमानदारीने पानं उलटली. "वैर हा संबंध नाही असं कुठं लिहिलेलं दिसत नाही."

"झालं तर मग." नेव्हिलने टोपी घातली. दारात थांबून म्हणाला, "फार वाईट वैर होतं, मिसेस टॅप्सेल. लिहा तसं."

दोघं उरले. कोरम मोडला. मॉरीनला लिहावं लागलं की गणपूर्तीअभावी विषय नऊ पुढील सभेपर्यंत तहकूब. तिचं अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, फक्त 'तहकूब' शब्दावर शाई जरा जास्त झाली.

हॉलला कुलूप लावून ती वळली, तर बेरिल आणि नेव्हिल समोरच्या बसथांब्यात बसलेले. शेवटची बस साडेपाचला जाते. छपरातलं पाणी नेव्हिलच्या टोपीवर पडत होतं आणि तो सरकत नव्हता.

"तुम्ही दोघं खोटं बोललात," मॉरीन म्हणाली. "सभेत."

"मुरंबा आहे घरी. येऊन बघ," बेरिल म्हणाली.

"आणि नेव्हिल, तू? हाडवैर म्हणे! हॉस्पिटलात शेवटचा आठवडा रोज येऊन त्याची दाढी कोण करत होतं?"

"वैऱ्याच्या गळ्याजवळ वस्तरा न्यायची संधी कुणी सोडतं का, मॉरीन?"

मॉरीनला हसू आलं आणि ते नीट पार पडलं नाही. बेरिलने तिला रुमाल दिला. त्याला कोंबड्यांच्या खाद्याचा वास येत होता.

"पुढच्या महिन्यात पण असंच करणार का?"

"संबंध काय महिन्याभरात संपतात होय?" नेव्हिल म्हणाला. "तू एकदा मळ्यात जाऊन ये. मग काय ते ठरव. ठेव नाहीतर सोड, पण बघून तरी सोड."

ती शनिवारी सकाळी गेली. सोबत फाइल आणि मोजपट्टी घेतली, कारण रिकाम्या हाताने जायला तिला काही कारण सापडेना. तुकड्यात गुडघाभर गवत माजलं होतं. एका कोपऱ्यात ऱ्हुबार्ब कुणाला न विचारता उगवून बसलं होतं. नेव्हिलचं कुंपण मात्र खांद्याएवढं छाटलेलं होतं, अगदी क्लाइव्हने अकरा वेळा मागितलं होतं तेवढं. मळ्यावर ऊन पडलं होतं.

अवजारांच्या लाकडी शेडची कडी गंजली होती. आत मातीचा आणि जुन्या गोणपाटाचा वास. खिळ्यावर क्लाइव्हचा कोट. कोटाकडे बघायचं नाही असं ठरवून तिने दुसऱ्या भिंतीकडे पाहिलं, आणि तिथं तिला स्वतःची सही दिसली.

कौन्सिलचा जुना कागद होता, चौकटीत बसवलेला. २००३ सालची नोटीस. श्री. क्लाइव्ह टॅप्सेल यांस, आपल्या तुकड्यावरील शेड मान्य उंचीपेक्षा सहा इंच जास्त असल्याचे निदर्शनास आले आहे. ती त्वरित कमी करून कळवावे. आपली नम्र. त्याखाली क्लाइव्हच्या पेन्सिलीतली एक ओळ होती: 'बायकोला उत्तर द्यायचं आहे.'

तिला सगळं आठवलं. तिने ही नोटीसही पेटीत टाकून पाठवली होती. तो सकाळी चहा पिता पिता ती वाचून नुसता हसला होता. पंधरा दिवसांनी जेवताना म्हणाला, "ते शेडचं झालं बरं का." आणि तिने फायलीवर लिहिलं, पूर्तता झाली.

मॉरीनने मोजपट्टी काढली. जमिनीपासून छपरापर्यंत दोनदा मोजलं. सहा इंच जास्त. एक सूतसुद्धा कमी झालं नव्हतं, इंच तर दूरच.

ती उलट्या बादलीवर बसली आणि रडली. चांगली पोटभर रडली, वर्षभराचं. मग तिने फाइल उघडून ती जुनी नोंद काढली. आर्थरची पायरी तिने मोजली होती, बेरिलचं खुराडं मोजलं होतं, पाद्रीबाबांच्या फाटकाची रुंदी दोनदा मोजली होती. चोवीस वर्षांत न मोजता लिहिलेली नोंद ही एवढी एकच. तिला तेव्हाही ठाऊक होतं की त्याने काही केलेलं नाही. करवत हलली नव्हती, कपड्यांवर भुसा नव्हता. ठाऊक होतं, म्हणूनच ती मोजायला गेली नव्हती.

मेच्या सभेला पाचही हजर होते. विषय सहा: तुकडा सात. डेस्मंडनी हात चोळले. बेरिलने पर्सला हात घातला, नेव्हिलने टोपी उचलली. स्पेनहून परतलेला सभासद गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला.

"बसा सगळे," मॉरीन म्हणाली. तिने एक कागद टेबलावर ठेवला. तुकड्याचे दोन भाग करावेत. उन्हाकडचा अर्धा यादीतल्या पहिल्या नावाला, म्हणजे जोडीला द्यावा. शेडकडचा अर्धा सध्याच्या धारकाकडे राहू द्यावा. गवत काढलेलं आहे, वाटाणे लावलेले आहेत. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की शेड सहा इंच जास्त आहे आणि २००३ ची नोंद चुकीची आहे.

मग तिने पेनाला टोपण लावलं.

"अध्यक्ष, मला हितसंबंध जाहीर करायचा आहे."

"पण क्लार्कला तो नसतो. तुम्हीच म्हणालात."

"चुकलं माझं. आहे. मोठा आहे. निदान २००३ पासूनचा लेखी पुरावा आहे." ती उठली आणि इतिवृत्ताची वही तशीच उघडी ठेवून बाहेर गेली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये बालवाडीच्या मुलांच्या कोटांसाठी खुंट्या होत्या, तिच्या कमरेच्या उंचीवर. त्यांना टेकून ती उभी राहिली. आतून बोलणं ऐकू येईना. मत द्यायला त्यांना काही क्षणच लागले असतील, पण क्लार्क नसताना सभेने पुढं काय करायचं हे चोवीस वर्षांत कुणी शिकलंच नव्हतं. बराच वेळ नुसत्या खुर्च्या करकरल्या. शेवटी नेव्हिलने दार उघडलं आणि सभेचा नियम मोडून म्हणाला, "ये आत, मॉरीन."

वहीत शेतकऱ्याच्या ठसठशीत अक्षरात, पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या होत्या.

क्लार्कबाई बाहेर गेल्या.
अर्धा तुकडा जोडीला, अर्धा बाईंना. सगळे हो म्हणाले.
शेडची उंची बरोबर आहे.
मोजली नाही.

इतिवृत्तात पेन्सिल चालत नाही. 'सगळे हो म्हणाले' असं लिहीत नाहीत, 'एकमताने मंजूर' लिहितात. मॉरीनने चारही ओळी दोनदा वाचल्या. मग टोपण काढून, एक अक्षरही न खोडता, खाली विषय सात लिहिला: बसथांब्याचे छप्पर.