भुलीत मी काय बोललो?

मंडळी, आजचंच लिहितोय.

गोळ्यांनी माझं नैराश्य हटेना, म्हणून आज पहिल्यांदा केटामाइन घेतलं. भुलीचंच औषध, पण थोडं. उतरल्यावर डॉक्टर बसून बोलतात. जाताना रिक्षात आई म्हणाली, "भुलीत माणूस पोटातलं समदं बोलतंय म्हणं."

गच्चीवर गेलो की परत जिवंत खाली यावंसं वाटायचं नाही, हे फक्त डॉक्टरांना ठाऊक होतं. आणि आई तर शेजारीच बसणार होती.

सलाईन सुरू झालं. छताचा पंखा लांब लांब गेला, माझे हात दुसऱ्याच कुणाचे वाटायला लागले. आपण परत येतोय की नाही, लई भ्यालो. तरी दात आवळूनच धरले होते.

भानावर येताच विचारलं, "आई, मी काय बोललो?"

"कायबी नाय."

पुंडलिकनगरला घरी आलो. आईनं कनवटीची किल्ली काढून पुढं धरली. गच्चीची. दिवाळीपासून आम्ही सगळे शोधत होतो तीच.

"मला ठावं व्हतं, म्हून लपवली. तू कधी बोलशील, वाट बघत व्हते."

दोस्तांनो, तुमच्या घरातली एखादी किल्ली हरवलीय का? जरा आईला विचारा.