फिरत्या घराला पाणी आलं

चाकांवरच्या घरात राहायचं असेल तर गाडीला दोन टाक्या लागतात, एक चांगल्या पाण्याची आणि एक मैलापाण्याची, आणि त्या दोहोंत काय फरक असतो हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावं लागतं. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. मीच सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं होतं.

हल्ली ओळखीपाळखीचे लोक मला फोन करतात. म्हणतात, तुम्ही गाडीचं घर केलंत, आम्हालाही करायचंय, दोन गोष्टी सांगा. मी दोनाच्या दहा सांगतो. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. जड सामान खाली आणि मधोमध ठेवा. कपाटांना बाहेरून कड्या लावा, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला तुरीच्या डाळीचा डबा डोक्यावर येतो (आमच्याकडे हरभऱ्याचा आला होता). सिलिंडर चालत्या गाडीत बंद ठेवा. हे सगळं ते मन लावून ऐकतात आणि मग विचारतात, "बरं, पाण्याचं काय केलंत?" इथं मात्र माझा आवाज जरा खाली येतो.

गाडी घेतली ती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण अधीक्षकपण काही निवृत्त झालं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांना घटकेघटकेला लघवीला जावं लागतं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. अप्पांनी काळजी केलीच नाही, फक्त घराबाहेर पडणं बंद केलं! औरंगपुऱ्यात चष्म्याची काडी बसवायला सुद्धा मला पाठवायचे आणि मी आणलेली काडी वाकडी आहे म्हणून परत पाठवायचे.

त्यांचं दुःख चष्म्याचं नव्हतं. दर दसऱ्याला ते नागपूरला, दीक्षाभूमीला जायचे. सोबत थोरली बहीण, म्हणजे देवगाव रंगारीची माझी आत्या. तरुणपणापासूनचा दोघांचा नेम. तो दोन वर्षं चुकला. आत्याचे गुडघे गेलेले, अप्पांचं हे असं. फोनवर दोघं एकमेकांना "मी बराय, तुझं सांग" म्हणायचे आणि फोन ठेवून दोघंही आपापल्या घरी गप्प बसायचे. अप्पांना कार करू म्हटलं, तर ते म्हणाले, "रस्त्यात कुठं उभा करशील मला? ढाब्याच्या मागं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मी उत्तर विकत आणलं. जुनी, उंच टपाची मिनीबस. तिचं सगळं आयुष्य वऱ्हाड वाहण्यात गेलेलं, त्यामुळे हॉर्न अजूनही सनईच्या सुरात वाजतो. मागची बाकडी काढली, पलंग केला, शेगडी बसवली आणि सगळ्यात मागे अप्पांसाठी संडास. कमोड, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, आतून कडी. व्हिडिओ बघून बघून मी इतका तयार झालो होतो, की माझी बायको सुनंदा म्हणायची, आता तुम्ही विमान जरी केलंत तरी मी बसणार नाही.

टाक्या शहागंजातून आणल्या. दुकानदारानं जोडी दिली. एकाच मापाच्या, एकाच निळ्या रंगाच्या. दोन्ही गाडीखाली शेजारी शेजारी बसवल्या आणि दोन्हींची झाकणं बाहेरून शेजारी शेजारी आली. मैलापाण्याच्या झाकणाला लाल रंग द्यायचा असतो, ही अत्यंत महत्त्वाची टीप आहे. रंग मी आणला होता. तो अजून डब्यातच आहे.

अप्पांनी गाडी फिरून पाहिली, दांडे हलवून पाहिले आणि अट घातली. "एकदा देवगावला येतो, आक्काकडं. जमलं तर दसऱ्याला तिला घिऊन नागपूर. नाय जमलं, तर परत मला गाडीत बस म्हणायचं नाय." अप्पा एकदा नाही म्हणाले की ते नाहीच असतं, हे वसतिगृहातून पास झालेल्या पोरांच्या दोन पिढ्या सांगतील. म्हणजे सगळा डाव या एका फेरीवर होता.

निघायचा दिवस उन्हाळ्यातला. अप्पा परीटघडीचे पांढरे कपडे घालून पुढच्या सीटवर बसले. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आमच्या शेजारीण रझिया भाभी सुनंदाला नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बाजी, पानी आया."

मी गाडी बंद केली.

बाहेरगावच्या वाचकांना हे कळणार नाही. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. दिवस ठरलेले असतात आणि ठरलेल्या दिवशी ते येईलच असंही नाही. पण आलं, तर आमच्याकडचा माणूस भरल्या ताटावरून उठतो, मुलगी बघायला आलेले पाहुणे तसेच बसवून ठेवतो आणि पाईप जोडतो. त्या दिवशी तर आमची पाळीही नव्हती आणि पाण्याला जोर असा, की पाईप हातात ठरेना! असं आयतं आलेलं पाणी सोडून परगावी जाणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्माला यायचाय.

घरची टाकी भरली. ड्रम भरले. हंडे, बादल्या, कुकर, दोन थर्मास भरले. कुंड्यांना पाणी घातलं, मेलेल्या तुळशीलाही घातलं. तरी पाणी चालूच. सुनंदा म्हणाली, "गाडीची टाकी?" ती मी मुद्दाम अर्धीच ठेवली होती, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, ही टीप मीच तिला ऐकवली होती. ती काठोकाठ भरली. मग सुनंदानं पाण्याचे कॅन भरून पलंगाखाली सारले, चालायच्या जागेत उभे केले, आणि पिंप भरून ते शेगडीशेजारी बांधलं. आतून अप्पा दर थोड्या वेळानं विचारत होते, निघायचं का? आम्ही म्हणत होतो, झालंच. रझिया भाभी वरून बघत होत्या. म्हणाल्या, "भाईजान, देवगाँव में बावडी नै क्या? इत्ता पानी कायकू?"

मला हसू आलं, पण हातातला पाईप वाहत होता आणि भरायला काही उरलं नव्हतं. वाहता पाईप हातात असला की आमच्याकडच्या माणसाचं डोकं बंद होतं आणि फक्त डोळे चालतात. डोळ्यांना एक झाकण दिसलं. मी उघडलं, आत बघितलं, टाकी अख्खी कोरडी! मला केवढा आनंद झाला. पाईप आत सोडला, वर येईपर्यंत भरली, झाकण लावलं आणि फडक्यानं पुसूनही घेतलं. ती कुठली टाकी होती हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

गाडी निघाली ती म्हशीसारखी खाली बसूनच. शरणापूर फाट्यापर्यंत ठीक होतं. गतिरोधकावर मागून असा काही डुबुक आवाज यायचा, की अप्पा दरवेळी मान वळवून बघायचे. दौलताबादचा घाट लागला आणि गाडीनं दम टाकला. दुसरा गिअर सोडून पहिला टाकला. शेळ्या घेऊन चाललेले एक बाबा आमच्या मागून आले, आमच्या बरोबरीनं चालले आणि पुढे निघून गेले. क्लचचा वास सुटला, इंजिन तापून काटा वर गेला. सुनंदाला, मला, दोघांनाही उपाय कळत होता. पाणी ओतून द्यायचं. पण ते तोंडातून काढणार कोण? शेवटी एका रुंद कडेला गाडी घेतली, चाकाखाली दगड लावला (घाटात हे विसरू नये) आणि ती थंड व्हायची वाट बघत बसलो.

अप्पा म्हणाले, मला जायचंय.

माझी छाती फुगली. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो क्षण हाच! मी त्यांना हात देऊन मागे नेलं, दार लावून दिलं आणि सुनंदाकडे बघून भुवया उंचावल्या. अप्पांची शिस्त अशी, की आधी पाणी सोडायचं, मग वापरायचं. आतून पाणी सोडल्याचा आवाज आला. मग एक गुळगुळ. मग अप्पांचा अत्यंत शांत आवाज आला, "पोरा, हे पाणी जातंय का येतंय?"

येत होतं. दाराच्या फटीतून ते बाहेर आलं, कॅनना वळसा घालून पलंगाखाली गेलं. सुनंदा पाय वर घेऊन पलंगावर बसली. माझी एक चप्पल दारातून उतरून घाटाच्या दिशेनं चालू लागली. दार उघडून अप्पा बाहेर आले ते दोन्ही हातांनी पायजमा वर धरून. परीटघडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"अप्पा, ते स्वच्छ पाणी आहे," मी म्हणालो.

"संडासातून आलेलं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. नळ, पाईप, झाकण. अप्पांनी ते चोरी पकडलेल्या पोराचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. वर आवाज चढवला नाही, त्याचीच मला भीती वाटली. एवढंच म्हणाले, "गाडी वळव."

खरं सांगतो, मला रडू यायचंच बाकी होतं. स्वतःची फजिती झाली त्याचं नाही. देवगावला आत्या सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसली असेल हे डोळ्यांसमोर आलं. पण वळवायला सुद्धा गाडी हलकी करणं भाग होतं, म्हणून मी खाली वाकून त्या टाकीचा कॉक उघडला. (एरवी हा कॉक रस्त्यावर कधीही उघडू नये. त्या दिवशी आत नळाचं कोरं पाणी होतं.) ढगातून पडावं तसं पाणी पडलं आणि उताराला लागलं. वर गेलेल्या शेळ्या आवाज ऐकून परत आल्या. त्यांच्या मागून बाबा आले. त्यांच्या मागे बॉनेटमधून वाफ निघणारी एक कार येऊन थांबली आणि त्यातल्या माणसानं, रेडिएटरला थोडं मिळेल का, असं विचारलं. त्याचं बघून दुसरी कार थांबली. मग वेरूळला निघालेलं, लहान मुलं घेतलेलं एक कुटुंब थांबलं. त्यांना प्यायला हवं होतं.

चार माणसं पाण्याभोवती जमली आणि अप्पांच्या अंगात अधीक्षक संचारला. पायजमा तसाच दुमडून ते खाली उतरले. म्हणाले, "लाईनीत या. पिण्याचं कॅनमधलं, तिकडं. गाडीचं अन् शेळ्यांचं हितं. मिसळायचं नाय." दोन पाण्यांतला फरक त्यांनी घाटातल्या अनोळखी माणसांना एका दमात समजावला. सुनंदा कॅन ओढून देत होती. एकेक कॅन देताना तिचा जीव तुटत होता, पण पोरं ओंजळीनं पाणी पिताना बघून तीही हसायला लागली. कारवाल्यानं अप्पांना वाकून नमस्कार केला. दोन वर्षांत घराबाहेरच्या माणसानं त्यांना केलेला तो पहिला नमस्कार असावा.

गर्दी ओसरल्यावर अप्पांनी पाणी वाटायचा मग माझ्या हातात दिला आणि ते गाडीत चढले. टाकी आता बरीच रिकामी झाली होती, मी कॉक बंद केला होता. आतून कडी लागली. मी, सुनंदा आणि ते शेळ्यांचे बाबा, आम्ही तिघंही कान देऊन उभे. पाणी सोडल्याचा आवाज आला. या वेळी ते गेलं! सरळ, सुरेख, जायचं तिथं गेलं. अप्पा हात धुऊन बाहेर आले, पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, चल.

मी दबकत विचारलं, "घरी ना?"

"घरी काय हाय? आक्का वाट बघती."

हलकी झालेली गाडी घाट अशी चढली, की मला सनई वाजवल्याशिवाय राहवलं नाही. वेरूळच्या पुढे अप्पांनी दोनदा गाडी थांबवली. दुसऱ्यांदा त्यांना गरज नव्हती असा मला दाट संशय आहे. देवगावला आत्या ओट्यावरच होती. दोघं एकमेकांचे हात धरून रडले आणि मग अप्पांनी घाटाची गोष्ट सांगायला घेतली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. चहा होईस्तोवर ते कमरेला लागलं.

आत्याला गाडी बघायची होती. दांडे धरत, कण्हत ती चढली. पलंगावर बसून बघितलं, आडवी होऊन बघितलं, मग संडासात जाऊन कडी लावली. बाहेर आली ती पदर खोचून. "दसऱ्याला कवा निघायचं?" असं तिनं विचारलं आणि जणू आत्ताच निघायचंय अशी पलंगावर मांडी घालून बसली. तिच्या त्या गुडघ्यांना मांडी घालता येते हे घरात कुणाला माहीत नव्हतं. अप्पा तिच्याशेजारी बसले आणि नागपूरला मुक्काम कुठे, भाकरी किती, याचा बेत सुरू झाला. मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात आत्याच्या शेजारच्या काशाबाई दारात आल्या. त्यांनी ओली चटई बघितली, उरलेले कॅन बघितले, सगळी हकीकत पुन्हा एकदा (आता पाणी गळ्यापर्यंत) ऐकली आणि विचारलं, "नागपूरला चालवणार कोण?"

"ह्यो की. माझा पोरगा," अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या वडिलांनी चारचौघांत असा हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

"काय करतो?"

"हायस्कुलात गणित शिकवतो." (ही गोष्ट मी आतापर्यंत मुद्दामच सांगितली नव्हती.)

काशाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हंजी टाकी किती वेळात भरंल, तसली गणितं?"

"व्हय, तसलीच," अप्पा अभिमानानं म्हणाले.

काशाबाईंनी आत जाऊन आत्याचा हात धरला आणि कळवळून म्हणाल्या, "आक्के, तू आपली येष्टीनं जा."